काकाजी आणि चिबड वावर

नागपूरला लागून असलेल्या वाडीत ज्यांच्या घरी मी सहा वर्षं भाड्याने राहिलो, त्या काकाजींनी खोली देण्याआधी मला एकच प्रश्न विचारला होता. "तुमच्या गावची माती कशी हाय?"

त्याआधी मी चार घरं पाहून आलो होतो. अमरावती रोडवरच्या एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्यावर देखरेख करायची नोकरी नुकतीच लागली होती आणि जवळपास खोली हवी होती. चारही घरी आधी आडनाव विचारलं गेलं. आडनाव सांगितलं की घरमालकाला एकदम काहीतरी आठवायचं. खोली कालच कोणाला तरी कबूल झालेली असायची, नाहीतर पुढच्या महिन्यात जावई राहायला येणार असायचा. एका ठिकाणी तर 'खोली भाड्याने देणे आहे' या पाटीखाली उभा राहून मी हे ऐकलं. त्यामुळे पाचव्या दाराशी आडनाव ओठांवर तयार ठेवूनच उभा होतो. एकदाचं सांगावं आणि कोपऱ्यावर चहा प्यायला जावं, असा बेत होता.

मातीबद्दल मात्र माझं काही उत्तर तयार नव्हतं. काळी आहे, म्हणालो. काकाजींचं तेवढ्याने भागेना. काळी म्हणजे किती काळी? उन्हाळ्यात भेगा पडतात का? पडतात तर त्यात नुसती बोटं जातात की हात जातो? हात जातो, मी म्हणालो, लहानपणी माझा चेंडू गेला होता तो परत मिळाला नाही. त्यांचा चेहरा खुलला. गाव कोणतं ते विचारलं. खाप्याच्या अलीकडे, म्हटल्यावर ते आत वळून काकूंना म्हणाले, खापा आला आहे, चहा टाक. त्या दिवसापासून मी त्या घरात खापा झालो. वरच्या मजल्यावर राहणारे कारकून काटोल होते आणि दूधवाला हिंगणा. माझं आडनाव त्यांना पहिल्या दिवाळीच्या सुमारास कुठूनतरी कळलं, पण त्यांनी ते कधी वापरलं नाही.

काकाजी माती तपासणाऱ्या एका सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते. निवृत्त झाले म्हणजे पगार बंद झाला एवढंच. बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून पुरुषभर उंचीच्या लाकडी पेट्या उभ्या होत्या आणि प्रत्येक पेटीत एकेका गावची माती, जमिनीत जशी थरावर थर असते तशीच, उभी कापून बसवलेली होती. पाहुणा आला की ते त्याची ओळख करून देत. ही सावनेर, ही उमरेड, हिच्यात खाली चुनखडी आहे म्हणून जरा चिडकी. नवीन माणूस गोंधळून त्या पेट्यांना नमस्कारही करून टाकायचा. काकूंनी लग्नानंतर पंधरा वर्षं भांडून एक भिंत मोकळी मिळवली होती आणि तिथे टीव्ही लावला होता. बाकीच्या तीन भिंतींवर त्यांचा हक्क नव्हता.

बाहेर जाताना काकाजी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट घालत आणि हातात एक बादली घेत. बादली कशाला, हे वाडीत आता कोणी विचारत नसे. कुठे उघडी जमीन दिसली की ते वीतभर खड्डा करत, त्यात पाणी ओतत, काठाला काडी खोचून खूण करत आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत उकिडवे बसत. पाणी किती वेळात खाली बसतं ते त्यांना हवं असे. गोदामाच्या आवारात, पालिकेच्या बागेत, लग्नाच्या लॉनवर सुद्धा. लॉनवर नवरदेवाच्या मामांनी येऊन विचारलं, काही हरवलं का? काकाजी म्हणाले, हवा हरवली आहे, या लॉनखाली मुळांना श्वास घ्यायला जागाच नाही. मामांनी जेवून घ्या म्हटलं आणि लांबून लक्ष ठेवलं.

सीताबर्डीत मेट्रोचं खोदकाम चाललं होतं तेव्हाची गोष्ट तर आमच्या गल्लीत अजून सांगतात. काकू साडी बदलून घ्यायला दुकानात गेल्या आणि बाहेर येऊन पाहतात तो काकाजी नाहीत. बूट तेवढे फूटपाथवर शेजारी शेजारी ठेवलेले. मातीत बूट घालून उतरायचं नाही हा त्यांचा नियम होता. ते पत्र्यांच्या फटीतून आत शिरून खड्ड्यात उतरले होते आणि सुरीने भिंत खरवडत होते. पहारेकऱ्याने त्यांना वर काढलं, आणि चौकातल्या हवालदारापुढे उभं केलं. हवालदाराने दरडावून विचारलं तेव्हा काकाजी आनंदाने म्हणाले, की इथे इतक्या वर मुरूम लागत असेल असा त्यांना नोकरीत असल्यापासून संशय होता, तो आज खरा ठरला. हवालदाराने काकूंकडे पाहिलं. काकूंनी हात जोडले. घरी येईपर्यंत त्या दोघांत एकटे काकाजीच बोलत होते.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, पण एका बाबतीत त्यांच्याशी कोणी हसत नसे. मातीबद्दल ते खोटं बोलत नसत. भिडेखातर नाही, भीतीपोटी तर नाहीच. एका बड्या माणसाने संत्र्याची बाग लावायच्या आधी त्यांना गाडी पाठवून बोलावलं, सत्कार केला, जेवू घातलं आणि जमीन दाखवली. काकाजींनी खड्डा करून पाहिला आणि सांगितलं की इथे बंगला बांधा, संत्रा चार वर्षांत मरेल. पुढे मेलाच म्हणतात. नोकरीत असताना एका साहेबाने नकाशावरच्या एका पट्ट्याचा रंग बदलायला सांगितला होता. रंग बदलला की ती जमीन ओलिताला लायक ठरणार होती आणि कोणाचं तरी काम होणार होतं. काकाजी म्हणाले, रंग तुम्ही द्या, सही तुम्ही करा, माझी सही जुन्या नकाशावरच राहील. पुढची कितीतरी वर्षं त्यांनी लांबच्या तालुक्यात काढली. काकू हे सांगायच्या तेव्हा त्यांच्या आवाजात राग आणि अभिमान दोन्ही असे.

मी त्यांच्याकडे राहायला गेलो तेव्हा आमची अडीच एकर जमीन होती. माझे वडील मँगनीजच्या खाणीत कामाला होते. आयुष्यभर खाणीत राबून त्यांनी ती घेतली. त्याआधी आमच्या घराण्यात कोणाच्याही नावावर सातबारा नव्हता. गावाने ती जमीन आम्हाला सुखासुखी मिळू दिली, कारण ती बशीसारखी खोलगट होती. पाऊस लागून राहिला की वरच्या सगळ्यांच्या वावरातलं पाणी आमच्याकडे येऊन बसायचं. अशा जमिनीला आमच्याकडे चिबड म्हणतात. वडिलांना ते माहीत होतं, पण ते धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून म्हणायचे, पाणी येतं म्हणजे आपल्याकडे काहीतरी येतं. ते गेल्यावर आईने एकटीने ती कसली. ती विहारात जाताना नेसायची ती पांढरी साडी सोडली तर तिच्या सगळ्या साड्यांना काळ्या मातीचे डाग होते.

वडील गेल्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी आईसाठी काहीतरी मोठं करायचं ठरवलं. गावात तेव्हा तलावाचा गाळ काढून वावरात टाकायची लाट आली होती. वरच्या मुरमाड वावरांत गाळ पडला आणि तिथली कपाशी कंबरेला लागली. काकाजींना विचारावं असं मला सुचलंही नाही. मी गोदामाच्या ओळखीने टिप्पर मिळवले, सुट्टी टाकली आणि आमचं वावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गाळाने झाकलं. लोक धुऱ्यावर उभे राहून पाहत होते. टिप्परच्या मागच्या फळीवर उभा राहून मी हात करत होतो. मला वाटलं, आपण आज बापाच्या जागी उभे आहोत.

त्यानंतर चार वर्षांत वावर हळूहळू बसत गेलं. सोयाबीन पिवळं पडायचं, तूर उभ्या उभ्या वाळायची. आई म्हणायची पाऊसच तसा पडून राहिला. शेवटी नागपूरचा एक लेआउटवाला गावात फिरू लागला. प्लॉट पाडायला त्याला आमचं वावर हवं होतं, आणि आईने हो म्हटलं. दिवाळीपर्यंत शब्द पक्का करायचा होता. मला धक्का बसला, पण तिला आता होत नसेल असं समजून मी मान्य केलं. त्या संध्याकाळी जिन्यात बसून काकाजींना हे सांगितलं. त्यांनी पायरीवरची धूळ बोटांत चोळून पाहिली. मग म्हणाले, "इकायचं तर इका. पण आधी त्या बिचारीले विचारून तर पाहा तिले काय झालं." बिचारी म्हणजे आई नव्हे, जमीन.

पितृपक्षातल्या एका रविवारी मी त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून नेलं. बादली त्यांनी मांडीवर धरली होती. आईने डोक्यावर पदर घेऊन नमस्कार केला, त्यांनीही बूट काढून तिला नमस्कार केला, आणि अनवाणी सगळं वावर फिरून एक जागा दाखवली. मी कंबरभर खड्डा खोदला. खाली माती निळसर राखाडी होती आणि तिला कुजक्या अंड्यासारखा वास येत होता. काकाजी खड्ड्यात उतरले आणि मला पाणी आणायला पाठवलं. विहीर दोन वावरं पलीकडे होती. बादली सांडू नये म्हणून मी हळू चालत आलो.

परत आलो तेव्हा काकाजी खड्ड्यात बसले होते आणि आई काठावर.  काकाजींच्या तळहातावर तीन-चार पांढऱ्या इवल्या शंखशिंपल्या होत्या. खड्ड्याच्या भिंतीत वरचा वीतभर थर बाकीच्या मातीहून फिकट, गुळगुळीत, एखाद्या झाकणासारखा घट्ट दिसत होता. तलावातल्या शिंपल्या मी ओळखल्या. मुरमाड जमिनीला जे औषध होतं ते मी भारी, चिकण मातीच्या तोंडावर आणून थापलं होतं. पाणी खाली जाईना आणि मुळांना हवा मिळेना. आईचं वावर पावसाने नाही, मी घालवलं होतं.

काकाजींनी शिंपल्या शर्टाच्या खिशात टाकल्या. "हा वरचा थर नाल्याचा हाय," ते म्हणाले. "कधी पूर आला असन, त्यानं आणून टाकला. त्याच्यानं पाणी बसून राहिलं."

आमचा नाला वावराच्या कितीतरी खाली आहे. त्याचं पाणी आमच्यापर्यंत कधी चढलं नव्हतं, आणि सगळं वावर फिरल्यावर काकाजींना ते कळलं नसणं शक्य नव्हतं. मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "असन बाप्पा," आणि पदराने तोंड पुसलं. मला इतकं हायसं वाटलं की लाज वाटली. माझा चेहरा पाहून या माणसाने माझ्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा मातीबद्दल खोटं सांगितलं, हे मला स्वच्छ कळलं होतं. परतताना कळमेश्वरच्या फाट्यावर गाडी थांबवून मी त्यांचे आभार मानायला लागलो. ते म्हणाले, गाडी चालव. पुढचे दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत आणि बादलीलाही हात लावला नाही. काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, तिकडे काय केलं रे तू यांना? 

तिसऱ्या दिवशी ते माझ्या खोलीवर आले आणि इलाज सांगितला. उन्हाळ्यात खोल नांगरून झाकण फोडायचं आणि खालच्या मातीत मिसळायचं. कपाशीची वाळकी पऱ्हाटी जाळायची नाही, बारीक करून वावरातच टाकायची. एक हंगाम ताग पेरायचा आणि तो फुलावर आला की गाडायचा. पीक रुंद वरंब्यावर घ्यायचं, दोन वरंब्यांमध्ये सरी ठेवायची, आणि सगळ्या सऱ्यांचं पाणी खालच्या धुऱ्याच्या चरातून नाल्यात सोडायचं. दोन वर्षं लागतील, म्हणाले. आई लेआउटवाल्याला नाही म्हणाली. तिने हे इतकं पटकन म्हटलं, की हो म्हणायला तिला किती जड गेलं असेल ते मला तेव्हा जाणवलं.

अडचण एकच होती. आमचा चर नाल्यापर्यंत जायचा तर देवरावजींच्या वावरातून जाणार, आणि धुरा फोडू द्या असं कोणाला म्हणणं म्हणजे आमच्या भागात भांडणाला आमंत्रण. देवरावजी आमचे खालचे शेजारी. इतक्या वर्षांत त्यांचं आमच्याशी बोलणं धुऱ्यापुरतं होतं, घरात पाऊल नव्हतं. मी त्यांच्याकडे जाऊन विनंती करतो म्हटलं तर काकाजींनी अडवलं. पुढचे तीन रविवार ते आमच्या बाजूने धुऱ्याला टेकून बादली आणि घड्याळ घेऊन नुसते बसले. पहिल्या रविवारी देवरावजींनी लांबून पाहिलं. दुसऱ्या रविवारी बैल उगाच तीनदा त्या बाजूने फिरवले. तिसऱ्या रविवारी त्यांच्याने राहवेना.

"काकाजी, तुम्ही हे काय करून राहिले?"

"तुमची तूर या धुऱ्याजवळ मरते का?" काकाजींनी विचारलं.

देवरावजी दचकले. ही गोष्ट त्यांनी घरी सुद्धा बोलून दाखवली नसावी. काकाजींनी परवानगी मागून त्यांचं एक झाड उपटलं. तुरीचं मूळ सरळ खाली जायला हवं, ते वीतभर जाऊन काटकोनात आडवं वळलं होतं. खाली पाणी तुंबलेलं आहे म्हणून ते वळलं, काकाजी म्हणाले, आणि हे पाणी बाईंच्या वावरातलं नाही, तुमचंच आहे, त्यालाही वाट नाही. देवरावजींनी ते मूळ हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट केलं. मग म्हणाले, चर काढायचा तर दोन्ही वावरांचा मिळून काढू, पण धुऱ्याच्या बरोबर मधून. काकाजी म्हणाले, पाण्याला मध कळत नाही, उतार कळतो, उतार जिथून जाईल तिथून काढू. जरा कुरकुरून देवरावजी कबूल झाले. त्या दिवशी त्यांनी आमच्या झाडाखाली बसून आईच्या हातचा चहा घेतला. आईने त्यांना द्यायचा कप दोनदा विसळला, आणि तो संपल्यावर देवरावजींनी आणखी एक कप चहा मागितला.

माघात चर खणला. काकाजी पातळी लावून उतार मोजत होते आणि एका ठिकाणी बोटभर चढ राहिला म्हणून त्यांनी दिवसभराचं काम मोडायला लावलं. त्यांना धाप लागत होती, ती आम्ही वयावर घातली. चैत्रात ते दुपारी झोपले ते उठले नाहीत. पेट्या न्यायला त्यांच्या जुन्या कचेरीतली माणसं आली. काकूंनी दोन दिल्या, बाकीच्या ठेवून घेतल्या. इतकी वर्षं त्या भिंती परत मागणाऱ्या काकूंना आता त्या रिकाम्या नको होत्या.

पुढच्या पावसाळ्यात तीन दिवस झड लागली. मी पहाटेच गाडी काढून गावी गेलो. आई डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन चराच्या काठावर उभी होती. वरंबे पाण्याच्या वर होते, सऱ्यांमधून गढूळ पाणी चरात उतरत होतं आणि चर ते खळखळत नाल्याकडे नेत होता. वावरात कुठेही पाणी तुंबलेलं नव्हतं. इतकी वर्षं आम्ही जे पाणी साचताना पाहिलं ते जाताना पाहत होतो. मला काकाजींची इतकी आठवण आली की त्यांनी माझ्यावर केलेला उपकार लपवून ठेवणं अशक्य झालं.

"माय, तो पुराचा गाळ नव्हता," मी म्हणालो. "मी टिप्परनं आणला तोच होता. काकाजी माझ्यासाठी खोटं बोलले."

"तुझ्यासाठी कायले बोलन तो?" आई पाण्यावरची नजर न काढता म्हणाली. "माह्यासाठी बोलला."

मी वळून तिच्याकडे पाहिलं.

"तू इहिरीवर पाणी आणाले गेला होता ना, तवा मीच सांगतलं त्याले. म्हटलं, काकाजी, हा गाळ माह्या पोरानं टाकला. बाप गेल्यावर त्याच्या तोंडावर पयल्यांदा हासू पाहालं मी त्या दिवशी. त्याच्या हातानं वावर गेलं हे त्याले नका सांगू."

"म्हणजे तुले माहीत होतं?"

"पयल्याच साली समजलं. आधी पाणी दोन दिवस राहे, मंग आठ दिवस राहाले लागलं."

"मग इकाले हो काहून म्हटलं?"

"इकलं असतं तर तुले कधीच समजलं नसतं ना, बाबू."

मी पायाने चराच्या काठावरची सुटलेली माती दाबली. नंतर विचारलं, काकाजी त्यावर काय म्हणाले.

"लय वेळ तसाच बसून राहिला खड्ड्यात," आई म्हणाली. "मंग म्हणे, बाई, मातीबद्दल मी आजलोक खोटं बोललो नाही. तुमच्यासाठी एक डाव बोलतो. पण इलाज खरा सांगीन."

मी चराच्या काठावर, होतो तिथेच चिखलात बसलो आणि रडलो. आईने मला रडू दिलं.